जबलपूरचा उन्हाळा : उष्मा आणि वीज
नर्मदाकाठच्या जबलपूरला मे महिन्यात उष्णतेची लाट आणि वळवाची वीज ही दोन संकटे भेडसावतात. दोहोंचे मूळ मात्र तापलेल्या भूमीतच आहे. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस वा अधिक आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी जास्त, हा उष्णतेच्या लाटेचा एक निकष होय. अशा वेळी बंगालच्या उपसागरावरून बाष्प आले, की उष्ण हवा वेगाने वर जाऊन गडगडाटी ढग तयार होतात. सरींसोबत गारवा येतो. परंतु झाडाखाली आसरा घेणाऱ्या शेतमजुराच्या जिवावर बेतते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची पूर्वसूचना देते. स्मार्टफोन नसलेल्यापर्यंत ती गावच्या ध्वनिक्षेपकावरून वेळेत पोहोचली, तरच हवामान अंदाजाचे सार्थक होईल.