'केस मिटली' म्हणजे काय झालं?

(कौटुंबिक सल्ला केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या उजळणी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'सेवेचा दर्जा आणि कामगिरीत सातत्याने सुधारणा' हा विषय मला दिला आहे. ही भाषा मूळची कारखान्यातली, म्हणून तिथलीच एक गोष्ट आधी सांगते. टोयोटाच्या कारखान्यात गाडी जोडणाऱ्या साध्या कामगारालाही दोष दिसला तर दोरी ओढता येते. दोष तिथल्या तिथे निस्तरला नाही तर पुढचं काम थांबतं. चूक आधी काम करणाऱ्यालाच दिसते, म्हणून थांबवण्याचा अधिकारही त्याला.

आपल्याकडे सुधारणा म्हणजे तिमाही अहवालातले रकाने. अर्ज किती आले, किती मिटले, किती प्रलंबित. 'मिटले'चा आकडा फुगला की केंद्र चांगलं. पण मिटलं म्हणजे काय झालं? बाई नांदायला गेली, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मारहाण थांबली म्हणून गेली, की भाऊ ठेवून घेईना म्हणून गेली? रकान्यात दोघी सारख्याच दिसतात.

आणि जी दुसऱ्या तारखेला आलीच नाही तिचं काय? तिच्या कागदावर 'अर्जदारास स्वारस्य नाही' असा शेरा मारून आपण फाईल बंद करतो. तिचा रोज बुडत होता, एसटीला पैसे नव्हते, की मागच्या वेळी तिला नवऱ्याच्या शेजारच्या बाकावर दोन तास बसावं लागलं होतं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आतच बाईचं म्हणणं ऐकून घेणारी प्रशिक्षित कार्यकर्ती बसावी, हा त्यामागचा विचार. आपल्या कामाची मोजणीही तिथूनच सुरू व्हायला हवी: बाईचं ऐकलं गेलं का, आणि ती आज सुरक्षित आहे का?

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५ प्रमाणे बाईला तिचे हक्क सांगणं बंधनकारक आहे: संरक्षणाचा आदेश मागता येतो, मोफत वकील मिळतो, फौजदारी तक्रारही करता येते. न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकाला नियमच सांगतात, की नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि तडजोडीचा प्रयत्न बाईची इच्छा असेल तरच करायचा. हेच पथ्य आपणही पाळू या.

मग करायचं काय? माझ्या अनुभवातून चार गोष्टी सुचवते.

एक, पहिल्याच भेटीत, समेटाचा विषय निघण्याआधी, हक्क सांगितले का याची नोंद कागदावर करायची.

दोन, तारीख बाईला विचारून द्यायची. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला येणारी बाई त्याच दिवशी केंद्रात येऊ शकते.

तीन, 'मिटलेल्या' केसमध्ये एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी चौकशी करायची. मात्र फोन कुणाच्या हातात असतो, कधी केलेला चालेल, हे तिलाच आधी विचारून ठेवायचं. आपल्या फोनपायी तिला मार बसता कामा नये.

चार, महिन्यातून एकदा एक बंद फाईल नाव झाकून सगळ्याजणींनी मिळून वाचायची. कुणाला दोष देण्यासाठी नाही. बाई कुठल्या पायरीवर सुटून गेली ते पाहण्यासाठी.

एक सावधगिरी मात्र हवी. सुधारणेच्या नावाखाली सगळा भार कार्यकर्तीवर टाकला जातो. मानधन महिनोन् महिने थकलेलं, बोलायला स्वतंत्र खोली नाही, संरक्षण अधिकाऱ्याकडे हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून, आणि वर विचारणा, की तुमचे आकडे कमी का? कायदा पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करा म्हणतो. तारखा लांबतात त्याचा जाब आपण एकटीने का द्यायचा? म्हणून अहवालात आणखी एक रकाना आपणच आखू या: 'काम कशामुळे अडलं'. तो दर तिमाहीला भरून वर पाठवायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत मागणी लावून धरायची. आपल्या हातातली दोरी ती हीच.

पुढच्या तिमाहीचा अहवाल लिहिताना 'मिटले' हा शब्द खोडा आणि बाईचं पुढे काय झालं ते एका ओळीत लिहा. ओळ लिहिता आली नाही, तर ती केस अजून मिटलेली नाही.