सांखळीची यादी

नंदुरबार जिल्ह्यांतील तळोद्याहून पश्चिमेकडे निघालें म्हणजे वाटेंत प्रथम अक्कलकुवा लागतें, मग खापर, आणि पुढें गुजरातेंत शिरल्यावर सागबारा व डेडियापाडा. संगणकाला हीं पांच गांवें क्रमानें लक्षांत ठेवावयास सांगितलीं, तर तो तीं कशीं ठेवील, याचा आज थोडा विचार करूं.

संगणकाची स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांचें एक मोठें कपाटच होय. लगतच्या पांच खणांत पांच नांवें ओळीनें ठेवणें ही सरळ रीत. चौथें नांव हवें असल्यास एकदम चौथ्या खणाला हात घालतां येतो. परंतु अक्कलकुवा आणि खापर यांच्यामध्यें एखादा नवा थांबा घालावयाचा झाला, कीं खापरपासून पुढचीं सारीं नांवें एकेक खण सरकवावीं लागतात. नांवें पांच असतां हा त्रास क्षुल्लक. पांच लाख असतां मोठा.

दुसरी रीत सांखळीची. येथें प्रत्येक नांवाची चिठ्ठी मोकळ्या सांपडेल त्या खणांत टाकावी. मात्र पुढची चिठ्ठी कोणत्या खणांत आहे तो क्रमांक तिच्यावर लिहावा. शेवटच्या चिठ्ठीवर शून्य. समजा, खापरची चिठ्ठी ४० व्या खणांत आहे. तर अक्कलकुव्याच्या चिठ्ठीवर ४० हा आंकडा असेल. नव्या थांब्याची चिठ्ठी ७ व्या खणांत ठेवून तिच्यावर ४० लिहिला, आणि मग अक्कलकुव्याच्या चिठ्ठीवरील ४० खोडून ७ केला, कीं काम संपलें. इतर चिठ्ठ्यांस हातहि लागत नाहीं.

पण या दोन कृतींचा क्रम चुकतां कामा नये. नव्या चिठ्ठीवर उतरण्यापूर्वींच ४० खोडला गेला, तर खापर, सागबारा व डेडियापाडा कपाटांत असूनहि हरवलीं. त्यांचा ठावठिकाणा दुसरीकडे कोठेंहि लिहिलेला नाहीं. शिवाय, चौथें गांव गांठावयाचें तर पहिल्यापासून एकेक चिठ्ठी वाचीत जावें लागतें.

ही युक्ति १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेंत ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनीं योजिली. तर्कशास्त्रांतील सिद्धांत यंत्राकडून सिद्ध करवितांना कोणतें विधान किती लांबेल, हें आधीं कळणें शक्य नव्हतें. म्हणून लागेल तशी वाढणारी यादी त्यांस हवी होती.

सारांश, जिच्यांत भर आणि वजाबाकी सारखी चालावयाची, त्या यादीला सांखळी चांगली. जिच्यांतील अमुक क्रमांकाचें नांव वारंवार विचारलें जावयाचें, तिला ओळ चांगली. घरीं मुलांच्या हातीं पांच चिठ्ठ्या देऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा.