मागे पडलेल्या मुलाजवळ बसणारा कोणी हवा

(बोरगाव येथे शिक्षक, पालक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



नागपूर–छिंदवाडा मार्गावरचे आपले बोरगाव आज कारखान्यांमुळे ओळखले जाते. भोवती संत्र्याच्या बागा आणि कापसाची शेते आहेत. 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर तहसील त्यात आली. शाळा जवळ आहे, पुस्तके मोफत मिळतात, दुपारचे भोजन मिळते. मूल शाळेच्या दारापर्यंत पोहोचावे हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटला आहे. आज मला बोलायचे आहे ते दाराच्या आतल्या प्रश्नाविषयी.

चौथीच्या वर्गातील एक मूल डोळ्यांसमोर आणा. ते रोज शाळेत येते. फळ्यावरचे सुवाच्य अक्षरात उतरवून घेते. वही पाहिली तर सर्व ठीक वाटते. परंतु त्याच वहीतील एक ओळ वाच म्हटले की ते गप्प होते. 42 मधून 17 वजा करावयास सांगितले तर ते 35 लिहिते. कारण 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून त्याने 7 मधून 2 काढले. ही चूक निष्काळजीपणाची नाही. दशक सुटे करण्याची पायरी त्याच्याकडून दुसरीतच राहून गेली आणि कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे गुणाकार आला, भागाकार आला, अपूर्णांक आले. पाया नसलेल्या भिंतीवर आपण वीट चढवीत राहिलो.

याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. अभ्यासक्रम ठरावीक दिवसांत संपवायचा असतो. कित्येक शाळांत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. त्यामुळे वर्ग पुढच्या बाकांवरील मुलांच्या चालीने जातो. कापसाची वेचणी आणि संत्र्याचा तोडा आला की कित्येक घरांतील मुले धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहतात. परत येतात तेव्हा धडा पुढे गेलेला असतो.

आपल्या भागात यात भाषेची भर पडते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले व आपला मुलूख मध्यप्रदेशात राहिला. येथील पुष्कळ घरांत मराठी बोलली जाते, काहींत गोंडी. शाळेचे पुस्तक मात्र बहुधा हिंदीत असते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठी घरातील मुलाला त्याचा अर्थ दंड असाच ठाऊक असतो. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. अर्थ न लागल्याने मूल गोंधळते आणि आपण त्याला मंद ठरवतो. तरी एक मोठी सोय आहे. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी. एका भाषेत पक्के झालेले अक्षर दुसरीत जवळजवळ जसेच्या तसे कामी येते. म्हणून आरंभी मुलाला त्याच्या घरच्या बोलीत समजावून सांगण्यात वेळ वाया जात नाही. गोंडी बोलणाऱ्या मुलाजवळ ती बोली जाणणारा कोणी बसला, तर त्यालाही हाच लाभ होतो.

मग उपाय कोणता? ज्याला परवडते तो पालक खाजगी शिकवणी लावतो. परंतु तेथेही बहुधा वर्गातलाच धडा पुन्हा घोकून घेतला जातो. आणि ज्याला परवडत नाही, त्याचे मूल होते तेथेच राहते.

या प्रश्नावर मुंबईत झालेला एक प्रयोग आपल्या उपयोगाचा आहे. डॉ. माधव चव्हाण व श्रीमती फरीदा लांबे यांच्या ‘प्रथम’ या संस्थेने महानगरपालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, शालेय शिक्षण झालेली एक तरुणी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास, शाळेच्याच वेळात, ती वेगळी घेऊन बसे व अक्षरओळख, वाचन आणि साधी आकडेमोड शिकवी. 2001 ते 2003 या काळात मुंबई व वडोदरा येथे या कामाची काटेकोर पाहणी झाली. ती करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांपैकी अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांना पुढे 2019 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या पाहणीतून तीन गोष्टी दिसल्या. पहिली, सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला. दुसरी, ही मुले बाहेर गेल्याने मूळ वर्ग लहान झाला, तरी त्यात उरलेल्या मुलांच्या प्रगतीत त्यामुळे विशेष फरक आढळला नाही. म्हणजे केवळ संख्या कमी करून भागत नाही. मूल ज्या पायरीवर आहे त्या पायरीपासून शिकवावे लागते. तिसरी गोष्ट सावध करणारी आहे. मदत थांबल्यावर वर्षभरात लाभाचा बराच भाग ओसरला. रोप लावून पाणी तोडले तर ते वाळणारच.

यानंतर इतर राज्यांत जे घडले तेही ध्यानात घेतले पाहिजे. उत्तरप्रदेशात जौनपूर जिल्ह्यातील खेड्यांत स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. जी मुले आली ती वाचू लागली. पण शंभरांतील जेमतेम आठ आली. ज्याला गरज आहे ते मूल आपणहून येत नाही, हा त्यातील धडा. हरियाणात 2012-13 साली शाळेच्या दिवसात एक तास वाढवून तिसरी ते पाचवीची मुले इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवली व सरकारी शिक्षकांनीच त्यांना शिकवले. हिंदीचे वाचन सुधारले. गणित सुधारले नाही, कारण तो तास गणितासाठी नव्हताच! ज्या गोष्टीला वेळ नेमून दिला तीच घडली. नुसते प्रशिक्षण व साहित्य देऊन वेळ मात्र नेमला नाही, तेथे नवी पद्धत फारशी रुजली नाही.

ही जादा मदत म्हणजे कोणी केलेले उपकार नव्हेत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम 28 ने शिक्षकांना खाजगी शिकवणी करण्यास मनाई आहे. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. 2021 साली सुरू झालेली ‘निपुण भारत’ मोहीम मध्यप्रदेशात ‘मिशन अंकुर’ या नावाने चालते. तिचा भर लहान इयत्तांवर आहे. परंतु जी मुले आज चौथी-पाचवीत आहेत व ज्यांची पायरी मागेच सुटली, त्यांचे काय? त्यांच्यासाठी आपणच उठले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी थोडे सुचवतो.

शिक्षकबंधूंनो, एक दिवस काढून प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवा. अक्षर, शब्द, लहान परिच्छेद, गोष्ट या चार पायऱ्यांपैकी ते कोठे अडते ते पाहा. एका मुलाला पाच-सात मिनिटे पुरतात. मग इयत्ता बाजूस ठेवून पायरीप्रमाणे गट करा. गटाला कायमचे नाव देऊ नका. ‘ढ’ हा शब्द तर शाळेच्या आवारात नको. महिन्याने पुन्हा पाहा व पुढे गेलेल्याला पुढच्या गटात बसवा.

अधिकारीवर्गास माझी विनंती अशी की, वेळापत्रकात या कामासाठी रोज एक तास राखून द्यावा व त्या तासाला शिक्षकाला कोणत्याही माहितीच्या तक्त्यासाठी बोलावू नये. जनशिक्षकाने भेटीच्या वेळी नोंदवही तपासण्यापूर्वी चार मुलांना वाचावयास सांगावे. शाळेची खरी स्थिती त्यात कळून येईल.

आणि ग्रामस्थांनो, दहावी-बारावी झालेल्या लेकीसुना आपल्या गावात आहेत. कारखान्यात पाळीने काम करणारे शिकलेले तरुण आहेत. प्रत्येकाने दोन-तीन मुले आपली मानावीत. यासाठी विद्वत्ता लागत नाही, नियमितपणा लागतो. आठवडाभर येऊन नाहीसे होणारा मार्गदर्शक न आलेलाच बरा, कारण मूल त्याची वाट पाहते. तो दिवस चुकला तर घरी जाऊन विचारा, “बाळ, आज का नाही आलास?” धाकट्या भावंडामुळे अडले असेल तर त्या भावंडालाही सोबत येऊ द्या. वेचणीच्या दिवसांत सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी ओसरीवर बसा. वाचण्यासाठी कापसाच्या पावतीवरचे आकडे आणि दुकानाची पाटी हीसुद्धा चालतील. पालकांना वाचता येत नसले तरी मुलाला रोज एक पान मोठ्याने वाचावयास सांगून शेजारी बसता येते.

सज्जनहो, पाचवीतून न वाचता बाहेर पडलेले मूल आठवी-नववीत शाळा सोडते. त्याच्या नावापुढे आपण ‘गळती’ असे लिहितो. गळते ते पाणी. मूल गळत नाही, त्याचा हात सुटतो. तो हात धरून ठेवण्यास मोठा निधी लागत नाही. रोजचा एक तास, मुलाच्या पायरीचे ज्ञान आणि त्याच्याजवळ बसणारे एक माणूस एवढे पुरेसे आहे. येत्या सोमवारी आपल्या शाळेत मुलांना एकेकटे बसवून वाचून घेण्यास आरंभ झाला, तर आजच्या सभेचे सार्थक झाले असे मी मानीन.