इंजिन बदलण्याआधी पंखा बघा

आज मी हिशेबाच्या वहीबद्दल बोलणार नाही. होडीच्या इंजिनाला खाली पाण्यात जो पंखा असतो, त्याच्याबद्दल बोलणार आहे. इंग्रजीत त्याला प्रोपेलर म्हणतात. हा बायकांचा विषय नाही, असं कुणाला वाटत असेल तर थोडं थांबा. या पंख्यापायी आमचा एक गट मोडायला आला होता.

आमच्याकडे सिंधुदुर्गात खाडीत पिंजरे बांधून त्यात जिताडा वाढवतात. मी ज्या गटांचं काम बघते, त्यातल्या एका गटाने कर्ज काढून अठरा फुटी फायबरची होडी आणि नऊ पॉइंट नऊ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन घेतलं. रिकामी होडी छान पळायची. पण चार बायका, खाद्याच्या गोणी आणि बर्फाची पेटी असली की ती रडायची. इंजिन घुरघुरायचं, धूर यायचा, पेट्रोल संपायचं.

एके दिवशी मासळी भरून परतताना ओहोटी लागली. मूठ पूर्ण पिळलेली, तरी होडी जागची हलेना, उलट हळूहळू मुखाकडे सरकू लागली. दुसऱ्या एका होडीने दोर टाकून ओढून आणलं म्हणून निभावलं.

त्यानंतरच्या बैठकीत भांडण झालं. होडी हाकणाऱ्या काकींवर सगळ्यांनी बोट ठेवलं. काकींचा जन्म खाडीत गेलेला. त्यांनी त्या दिवशी एक शब्द काढला नाही, फक्त इंजिनाची किल्ली टेबलावर ठेवली. इंजिन जिथून घेतलं तिथे विचारलं, तर उत्तर आलं, "तुमचां मशीनच ल्हान आसा, पंधराचा घेवा." म्हणजे पहिलं कर्ज फिटायच्या आधी दुसरं. ठराव लिहायचा बाकी होता. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "पंखो बघल्यात काय कोणी?"

कुणीच बघितला नव्हता. मीसुद्धा नाही.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. आमच्या पंख्यावर होते सव्वानऊ बाय अकरा. पहिला आकडा पंख्याचा व्यास, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, इंचात. दुसरा आकडा पिच. लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो ना, तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जायला हवा, ते अंतर म्हणजे पिच. पाणी मऊ असल्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमीच जातो.

पिच म्हणजे पंख्याची ढांग समजा. डोक्यावर एक आणि कमरेवर एक भरलेली घागर असली की आपण लांब ढांग टाकतो का? नाही. जवळजवळ पावलं टाकतो. मोकळ्या हातांनी चालताना ढांग लांब पडते. होडीचंही तेच. हलकी, पळणारी होडी असेल तर जास्त पिच. ओझं वाहणारी असेल तर कमी पिच. आमच्या इंजिनाला मोकळ्या होडीचा पंखा लावलेला होता आणि आम्ही त्याला घागरी वाहायला लावत होतो.

पण अंदाजाने पंखा बदलायचा नाही, मोजून बदलायचा. इंजिनाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की मूठ पूर्ण पिळल्यावर मिनिटाला किती फेरे पडायला हवेत. आमच्या पुस्तिकेत ५,००० ते ६,००० होतं. फेरे मोजायला छोटं मीटर मिळतं. त्याची वायर स्पार्क प्लगच्या वायरीभोवती गुंडाळायची. ओळखीच्या मेकॅनिककडून ते एका दिवसापुरतं आणलं. भरतीचं पाणी थांबल्यावर, नेहमीचं सगळं वजन भरून, सरळ रेषेत होडी हाकली. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं आणि इंजिन बंद करणारी लाल दोरी काकींच्या मनगटाला होती. मीटरने दाखवलं ४,८००.

फेरे कमी पडले म्हणजे इंजिनावर ओझं जास्त आहे. तसंच दामटत राहिलं तर ते तापतं, आत काजळी धरतं आणि लवकर झिजतं. अशा वेळी पिच कमी करायचा. फेरे वरच्या मर्यादेच्या पलीकडे जात असतील तर पिच वाढवायचा, कारण जास्त फिरणंही इंजिनाला वाईटच. साधारण एक इंच पिच कमी केला की दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. आम्ही सव्वानऊ बाय नऊचा पंखा लावला. त्याच ओझ्याला मीटर ५,२०० वर गेलं. होडी थोडी रिकामी असतानाही ते ६,००० च्या खालीच राहिलं. आधी पाच लिटर पेट्रोलात तीन फेऱ्या व्हायच्या, आता वहीत चार लागतात. रिकामी होडी पूर्वीइतकी पळत नाही, हे खरं. पण आम्हाला शर्यत लावायची नव्हती.

मात्र प्रत्येक वेळी दोष पिचचाच नसतो. आधी होडीचा तळ बघा. शेवाळ आणि कालवं चिकटली असतील तर खरवडा. पंख्याचं पातं वाकलंय का, तुटलंय का बघा. इंजिन जोरात फिरतंय पण होडी जात नाही, असं असेल तर पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असू शकतं किंवा इंजिन जास्त उंच बसवलेलं असतं आणि पंखा हवा ओढतो. पंख्यामागे तंगूस गुंडाळला गेला तर सील कापतं आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधासारखं दिसलं की समजा, पाणी गेलंय. आणि पंख्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून प्लगची वायर काढून ठेवायची, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

आमच्या खाडीत खडक आहेत, म्हणून आम्ही ॲल्युमिनियमचाच पंखा ठेवलाय. आपटला तर पातं वाकेल, पण गिअर वाचण्याची शक्यता जास्त. जुना पंखा फेकला नाही. तो, एक पाना आणि नवी स्प्लिट पिन होडीतच असते. अडकलो तर तो लावून किनारा गाठता येतो.

नव्या इंजिनाच्या मानाने पंख्याची किंमत थोडीच. त्या दिवशी ठराव लिहिला असता तर दुसऱ्या कर्जाचे हप्ते आम्ही अजून भरत असतो, आणि पंधराच्या इंजिनालाही पंखा चुकीचा मिळाला असता तर रडगाणं तेच राहिलं असतं.

तेव्हा ताईंनो, होडी असो, पिठाची गिरणी असो की मसाल्याचं कांडप, यंत्र घेताना विकणाऱ्याला आपलं ओझं सांगा. आम्ही त्याला होडीची लांबी सांगितली होती, गोणी किती ते सांगितलंच नव्हतं. चूक अर्धी आमचीही होती. आता वहीच्या पहिल्या पानावर पंख्याचे दोन आकडे, पूर्ण ओझ्याचे फेरे आणि तपासणीची तारीख लिहिलेली असते.

आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून किल्ली काकींच्या हातात परत दिली. यंत्र अडलं की आधी ते चालवणाऱ्या बाईला विचारा. बोट नंतर ठेवा.