डोळ्यातला कण

अण्णांची एमआरआय तपासणी होती. "अंगात कुठे धातू?" तंत्रज्ञाने विचारले. अण्णा नाही म्हणाले. मला आठवले, लेथवर काम करताना त्यांच्या डोळ्यात पोलादाचा कण उडाला होता.

"चाळीस वर्षं झाली त्याला!" अण्णा चिडले.

पण १.५ टेस्लाचा हा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट. त्याचे अतिसंवाहक वेटोळे उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेले, त्यामुळे तपासणी नसतानाही चुंबक जागाच. डोळ्यातला कण हलला तर दृष्टी जाऊ शकते.

आधी एक्स-रे काढला. बारीक पांढरा ठिपका दिसला. एमआरआयऐवजी सीटी स्कॅन झाले.

अण्णा ती फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत होते.