आपलं ई-पुस्तक आपणच सजवायचं

मी पायदळातून निवृत्त झालेला माणूस, आता नोएडात राहतो. संगणकातला तज्ज्ञ नाही. माझ्या आठवणींचं ई-पुस्तक मी स्वतःच तयार केलं. त्यात ज्या चुका झाल्या, त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून आज बोलतोय.

आधी मी पीडीएफ केली. लॅपटॉपवर झकास दिसत होती. ती सातारा जिल्ह्यातल्या आमच्या एका सुभेदारसाहेबांना पाठवली. हकिगत त्यांच्याच तुकडीची, आणि परत न आलेल्या दोघांची नावं त्यात होती. त्यांचा फोन आला, "साहेब, अक्षर दिसंना. मोठं केलं तर ओळ पडद्याबाहेर जातीया." मोतीबिंदू काढलेले डोळे आणि हातात छोटा फोन! पीडीएफचं पान छापल्यासारखं पक्कं असतं. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने रचल्या जातात. मला तेच हवं होतं.

ईपब करायला बसलो आणि माझं पितळ उघडं पडलं. नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून मी एंटर दाबत गेलो होतो आणि परिच्छेद आत सरकवायला स्पेसबार. फोनवर त्या मोकळ्या जागा भलतीकडेच उगवल्या.

मी लिब्रेऑफिस रायटर वापरतो, ते फुकट मिळतं. त्यात एफ ११ दाबा, स्टाइल्सची यादी उघडते. प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १' लावा, मजकुराला 'बॉडी टेक्स्ट'. मग बदल मजकुरात करायचे नाहीत, स्टाइलमध्ये करायचे. कंपनी कमांडर शंभर जवानांकडे जाऊन प्रत्येकाला वेगळा हुकूम देत नाही, तसंच हे. 'हेडिंग १'ला एकदाच सांगा की तुझ्याआधी नवं पान. सगळी प्रकरणं रांगेत उभी राहतात.

एक खोच सांगतो, माझी अख्खी दुपार तिने खाल्ली. स्टाइलमध्ये अक्षराचा आकार बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलेना. देवनागरीसाठी तिथे वेगळा कप्पा असतो, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' नावाचा. आकार आणि फॉन्ट तिथे बदलायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझी जुनी प्रकरणं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती कन्व्हर्टरमधून काढली आणि 'ऱ्य'चा पार 'र्य' झाला. आम्ही रात्रीत दोन दऱ्या ओलांडल्या होत्या. पुस्तकात दोन 'दर्या' ओलांडले! पहाटे तीनला लंगरच्या आचाऱ्यांना उठवलं होतं; पुस्तकात 'आचार्यांना' उठवलं. स्पेलचेकर काय करणार, दोन्ही शब्द बरोबरच आहेत. सगळे एकदम बदलायलाही जाऊ नका, नाहीतर 'कार्य' आणि 'सूर्य' बिघडतील. 'र्य' शोधा आणि एकेक पाहून दुरुस्त करा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून 'जे' दाबलं की 'ऱ' मिळतो, मग हलन्त, मग 'य'. मला तीन संध्याकाळी लागल्या. सौ. शेजारी बसून मोठ्याने वाचत होती, म्हणून तेवढ्यात झालं.

शेवटी फाइल मेनूतून 'एक्स्पोर्ट अ‍ॅज'मध्ये जाऊन ईपब काढा. हेडिंगं नीट लावली असतील तर अनुक्रमणिका आपोआप तयार होते. लिब्रेऑफिसमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. तयार फाइल कॅलिबरमध्ये उघडून पाहा, आणि फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करून पाहाच.

सुभेदारसाहेबांना नवी फाइल पाठवली. चार दिवसांनी फोन. "साहेब, वाचलं. पण पान १४२ वर एका पोराचा हुद्दा चुकलाय, तो लान्स नायक झाला होता." माझ्याकडे पुस्तक ९६ पानांतच संपत होतं! त्यांचं अक्षर मोठं, म्हणून पानं जास्त. तेव्हा ईपबमध्ये 'पान अमुक पाहा' असं कधी लिहू नका. मी त्यांना ते वाक्य वाचायला सांगितलं, शोधून हुद्दा दुरुस्त केला आणि त्याच रात्री फाइल पुन्हा पाठवली.