गन कोणती घ्यायची, हे कोण ठरवणार?

(कामगार शिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला आज बोलायला दिलेला विषय आहे रंगाची स्प्रे गन कशी निवडावी. पगार, बोनस, पेन्शन या प्रश्नांपुढे तो किरकोळ वाटेल. पण रेल्वेच्या कॅरेज वर्कशॉपमध्ये डबे रंगवणाऱ्याला किंवा टपाल खात्याच्या लाल मोटारींना रंग मारणाऱ्याला विचारा. पाळीभर ती गन त्याच्या हातात असते आणि तिने उडवलेला रंग त्याच्या छातीत जातो.

गंमत पाहा. अमेरिकेत डॉ. ॲलन डीव्हिल्बिस नावाच्या वैद्याने रुग्णाच्या घशात औषध फवारायचे यंत्र काढले. 1907 साली त्यांचा मुलगा थॉमस याने त्यावरून रंगाची गन तयार केली. घसा बरा करायला निघालेले यंत्र पुढे रंगाऱ्याच्या घशाला लागले, ते यंत्राच्या दोषाने कमी आणि चुकीच्या निवडीने जास्त.

मी स्वतः पेंट शॉपमध्ये उमेद घालवली. एका कारखान्यातली गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. तिथे एचव्हीएलपी जातीच्या नव्या गन आल्या. एचव्हीएलपी म्हणजे हवा जास्त आणि दाब कमी. आठवडाभरात तक्रार सुरू झाली, की गन थुंकते, रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसतो. माणसे जुन्या गनकडे वळली आणि नव्या गन स्टोअरमध्ये पडल्या. साहेब म्हणाले, "कामगारांना नवे काही नकोच असते." दोष कोणाचा होता? या गनला हवा भरपूर लागते. आमची हवेची लाइन जुनी, होज पाइप बारीक, कॉम्प्रेसर अपुरा. मागणीपत्र लिहिताना एका रंगाऱ्याला विचारले असते, तर त्याने हे पाच मिनिटांत सांगितले असते.

तेव्हा गन घेण्याआधी चार प्रश्न विचारायचे. काम केवढे? रंग पातळ की घट्ट? हवा किती मिळते? आणि उडालेला रंग कुठे जातो?

पहिली जात सक्शन गन. हिचा साधारण लिटरभराचा डबा खाली लटकतो. रोजच्या पातळ इनॅमलला चालते. पण भरली की मनगट दुखते, फार तिरकी केली की हवा ओढते, आणि तळाला थोडा रंग उरतोच.

दुसरी ग्रॅव्हिटी गन. हिचा कप वर असतो. रंग वजनाने खाली येतो, म्हणून घट्ट रंगही चालतो आणि वाया कमी जातो. दारे, पाट्या, मोटारीचा एखादा भाग अशा कामाला ही उत्तम. शेवटच्या कोटाला 1.3 ते 1.4 मिलिमीटरचे नोझल, सरफेसर-प्रायमरला 1.6 ते 1.8 चे. एकाच नोझलवर सगळे रंग मारायला लावले, की रंगारी थिनर ओततो. मग रंग ओघळतो आणि थिनरची वाफ नाकात जाते.

तिसरी प्रेशर फीड. रंग वेगळ्या टाकीत असतो, गनला दोन पाइप येतात, हात हलका राहतो. एलएचबी डबा सुमारे 23.5 मीटर लांब असतो. त्याची बाजू लिटरभराच्या डब्याने मारायची म्हणजे पुन्हा पुन्हा शिडी उतरून भरणे आले. अशा कामाला ही गन हवी.

चौथी एअरलेस. हिच्यात हवा मिसळत नाही. पंप रंगालाच दोन-तीन हजार पौंड दाबाने बारीक छिद्रातून ढकलतो. पूल, शेड, टाक्या यांना ती झपाट्याने रंगवते. पण हिच्या नोझलवर बोट कधीही ठेवू नका. रंग कातडीत शिरतो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, आत बोट जाऊ शकते. मलम लावून कामावर परतू नका. तडक मोठ्या इस्पितळात जा आणि "जास्त दाबाने रंग आत गेला आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नोझल साफ करण्याआधी पंप बंद, दाब मोकळा आणि घोड्याला लॉक, हा नियम पाळा.

आता छातीचा हिशेब. जुन्या पद्धतीच्या हवेच्या गनमधून ढोबळमानाने दहा भागांतले तीन-चार भाग रंग कामावर बसतो. बाकीचा धुक्यासारखा उडतो. एचव्हीएलपी गनमध्ये एअर कॅपवरचा दाब 10 पौंडांच्या आत असतो आणि योग्य हवा मिळाली तर साडेसहा भागांपर्यंत रंग बसतो. म्हणजे रंगाचे पैसे वाचतात आणि धुकेही कमी होते. स्वस्त गन शेवटी महाग पडते ती अशी.

दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात हार्डनर असतो आणि त्यात आयसोसायनेट. त्याने दमा जडू शकतो. एकदा शरीराने ते धरले, की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम लागतो. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही. वासावरूनही ते वेळेवर कळत नाही. बाहेरची शुद्ध हवा पाइपने पुरवणारा मुखवटा आणि धुके ओढून घेणारे बूथ लागते. गन चांगली आली म्हणून मुखवटा नको, असे कोणी म्हणाले तर मान डोलवू नका.

शिसे हा दुसरा शत्रू. घरगुती आणि शोभेच्या रंगांसाठी 2016 च्या नियमांनी शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग ठरवली, आणि ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. कारखान्यातले औद्योगिक रंग या नियमांत येत नाहीत. म्हणून ड्रमवरचे लेबल वाचा, आणि रंगाचे माहितीपत्रक आपल्या भाषेत मागा.

हे मागायचे कुठे? भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन सुरक्षा समितीची तरतूद आली आणि तिच्यात कामगारांना बरोबरीची जागा मिळाली. 2020 च्या सुरक्षा व आरोग्य संहितेतही अशा समितीची तरतूद आहे. आपले प्रतिनिधी बैठकीला जातात, चहा घेतात, सही करतात आणि परततात. हे थांबले पाहिजे.

पुढच्या बैठकीत तीन मागण्या लेखी द्या. एक, गनचे टेंडर निघण्याआधी रंगाऱ्यांचे म्हणणे घ्यावे. दोन, नमुन्याची गन आपल्याच हवेच्या लाइनवर, आपल्याच रंगाने आठवडाभर चालवून पाहावी. तीन, गनच्या खरेदीतच होज पाइप, जादा नोझल, मुखवटे आणि शिकवणी धरावी.

गन आपण विकत घेत नाही, हे खरे. पण ती चुकीची निघाली तर किंमत आपणच मोजतो. म्हणून ती निवडताना आपला शब्द असलाच पाहिजे.